रसायनांच्या कंटेनरची खरी तपासणी नागपुरातच व्हावी

प्रति,
मा. संपादक,

विषय : घातक रसायने वाहून नेणाऱ्या जहाजांचे अपघात आणि आपल्याकडील कंटेनर डेपोंची जबाबदारी

महोदय,

२०२५ च्या मे-जून महिन्यांत केरळच्या किनाऱ्याजवळ पंधरवड्याच्या अंतराने दोन मालवाहू जहाजांना अपघात झाले आणि त्या निमित्ताने घातक रसायनांच्या सागरी वाहतुकीची बरीच चर्चा झाली. २५ मे रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे लायबेरियाचा ध्वज लावलेले जहाज विझिंजमहून कोचीकडे येताना कलंडून बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते. त्यांपैकी १३ कंटेनरमध्ये घातक माल होता आणि त्यांतील १२ कंटेनर कॅल्शियम कार्बाइडचे होते. पुढे ९ जून रोजी ‘वान हाय ५०३’ या सिंगापूरच्या जहाजावर स्फोट होऊन आग लागली. जहाजावरील २२ जणांपैकी १८ जणांना वाचवता आले, चौघांचा पत्ता लागला नाही, आणि ज्वालाग्राही द्रव, कीटकनाशके, नायट्रोसेल्युलोज असा माल पोटात असलेले ते जहाज विझल्यासारखे वाटून पुन्हा पेटत कित्येक दिवस धुमसत राहिले. हे दुसरे जहाज कोलंबोहून निघाले होते ते आपल्या न्हावा शेवा बंदराकडे.

या दोन्ही घटनांवर जे लिहिले-बोलले गेले, त्यात मासेमारांचे बुडालेले उत्पन्न, किनाऱ्यावर वाहून आलेले प्लास्टिकचे दाणे, इंधनाची गळती आणि नुकसानभरपाई हे विषय होते, आणि ते असायलाच हवेत. परंतु कंटेनरमध्ये माल कोणी भरला, कागदावर त्याचे वर्णन कोणी केले आणि ते वर्णन खरे आहे की नाही हे कोणी पाहिले, हा प्रश्न फारसा कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. त्याचे उत्तर समुद्रावर शोधून सापडत नाही, कारण त्या तिन्ही गोष्टी बंदरापासून शेकडो किलोमीटर आत, कारखान्याच्या आवारात किंवा एखाद्या कंटेनर डेपोत उरकलेल्या असतात. मी नागपुरात निर्यातमालाच्या कागदपत्रांचे काम करण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत. म्हणून ‘नागपूरला समुद्राचे काय?’ असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे मला भाग वाटते.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना परदेशी माल पाठवतो तेव्हा रिकामा कंटेनर कारखान्याच्या दारात येतो, किंवा माल ट्रकने डेपोत नेऊन तेथे भरला जातो. ड्रम किंवा पोती आत रचली जातात, दार बंद होते, सील लागते आणि सीलचा क्रमांक कागदावर चढतो. मग तो कंटेनर रेल्वेच्या वाघिणीवर चढून वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ करीत न्हावा शेवाला जातो आणि तेथून क्रेनने उचलून जहाजावर ठेवला जातो. या सगळ्या प्रवासात नियमाप्रमाणे सारे सुरळीत असेल तर दार पुन्हा उघडले जात नाही, आणि उघडायचेही नसते. म्हणजे जहाजाच्या कप्तानापाशी, बंदरातल्या अधिकाऱ्यापाशी, आग विझवायला जाणाऱ्या तटरक्षक दलापाशी जी काही माहिती असते ती नागपुरातल्या एखाद्या टेबलावर टंकलेल्या दोन-तीन कागदांवरची असते. तो कागद खोटा असेल तर पुढच्या साखळीतील प्रत्येक माणूस आंधळा आहे.

घातक मालाच्या सागरी वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ‘आयएमडीजी’ संहिता आहे. ती १९६५ पासून अस्तित्वात आहे आणि २००४ पासून बंधनकारक आहे. तिच्यात मालाचे नऊ वर्ग केलेले आहेत, प्रत्येक पदार्थाला संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक आहे, कोणता ड्रम चालेल, कोणते दोन पदार्थ एका कंटेनरमध्ये नकोत, काय तळघरात ठेवायचे आणि काय डेकवर, हे सारे तपशिलाने लिहिलेले आहे. नियम कमी आहेत अशी तक्रार या विषयात कोणालाच करता येणार नाही. मात्र ही सगळी यंत्रणा एका विधानावर उभी आहे : माल पाठवणाऱ्याने ‘हा माल घातक आहे’ असे स्वतः सांगितले पाहिजे. त्याने ते सांगितलेच नाही तर नऊच्या नऊ वर्ग कागदावर राहतात.

माल पाठवणारा हे का सांगत नाही? कारण सांगितले की खर्च वाढतो. जहाज कंपनी जादा आकार लावते, काही कंपन्या ठरावीक रसायने घेतच नाहीत, प्रमाणित ड्रम घ्यावे लागतात, रेल्वेने नेताना घातक मालासाठीची ‘रेड टॅरिफ’ ही नियमावली आडवी येते, जागा मिळण्यासाठी थांबावे लागते. त्याऐवजी ‘क्लीनिंग पावडर’ किंवा ‘औद्योगिक कच्चा माल’ असे लिहिले की तोच माल पुढच्या जहाजाने साध्या भाड्यात निघून जातो. आमच्या धंद्यात याला ‘नॉन-हॅझमध्ये काढणे’, म्हणजे ‘घातक नाही’ असे दाखवून माल काढणे, म्हणतात आणि ते फार सहजपणे म्हणतात.

एका पार्टीचे काम माझ्याकडे आले होते ते सांगतो. इन्व्हॉइसवर साफसफाईची पावडर लिहिलेली होती. गोदामात पाऊल टाकताच नाकाला क्लोरीनचा वास झोंबला. प्लास्टिकचे निळे ड्रम एकावर एक तीन थर रचलेले होते आणि प्रत्येक ड्रमच्या पोटावरची पिवळी चौकट खरवडून काढलेली होती. पण घाईत काढल्यामुळे दोन-तीन ड्रमांवर वर्तुळ आणि त्यावरची ज्वाळा अर्धीमुर्धी शिल्लक होती. ते चिन्ह ऑक्सिडायझरचे, म्हणजे स्वतः प्राणवायू पुरवून आग भडकवणाऱ्या पदार्थाचे. पोहण्याच्या तलावात टाकतात ते कॅल्शियम हायपोक्लोराइट होते. मालकांना विचारले तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि ‘सगळेच असे लिहितात, तुम्हीच कशाला अडता’ एवढेच म्हणाले. मी काम परत केले. आठवड्याभरात तेच ड्रम दुसऱ्या कोणाच्या तरी कागदांवर निघून गेल्याचे मला कळले. ते कोणत्या जहाजावर चढले असतील याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

हा पदार्थ निवडून सांगण्याचे कारण आहे. मे २०१९ मध्ये थायलंडच्या लाम चाबांग बंदरात ‘केएमटीसी हाँगकाँग’ या जहाजावर स्फोट होऊन आग लागली, ती याच कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या कंटेनरमुळे. आणि कागदांवर त्या कंटेनरमध्ये लहान मुलांच्या बाहुल्या असल्याचे दाखवलेले होते. बंदराभोवतीच्या वस्तीतील लोकांना त्वचेचा आणि डोळ्यांचा त्रास झाला. अमेरिकेतील ‘नॅशनल कार्गो ब्युरो’ने काही वर्षांपूर्वी ५०० कंटेनर उघडून पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक कंटेनरमध्ये माल भरण्यात, बांधण्यात, लेबलांत किंवा वर्णनात काही ना काही दोष निघाला. ज्या देशात तपासणीची शिस्त आपल्यापेक्षा जुनी आहे तेथील हा अनुभव आहे.

वर्णन खरे असण्याला इतके महत्त्व का, हे कार्बाइडच्या उदाहरणाने चटकन समजते. कॅल्शियम कार्बाइड विदर्भातल्या माणसाला परके नाही. आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरली जाते ती बंदी घातलेली पूड हीच, आणि गॅस वेल्डिंगच्या जुन्या दुकानांतून राखाडी खड्यांचे डबे दिसत तेही हेच. त्यातला सुपारीएवढा खडा ओल्या फरशीवर ठेवला की तो लगेच फसफसू लागतो, लसणासारखा उग्र वास सुटतो आणि जवळ ठिणगी असेल तर भप्पकन जाळ होतो, कारण पाण्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन वायू तयार होत असतो. आता असे १२ कंटेनर समुद्रात गेले तेव्हा मदतीला गेलेल्यांना ते आधी ठाऊक असणे किती आवश्यक होते, याची कल्पना करावी. एल्साच्या बाबतीत कार्बाइडची माहिती तत्काळ जाहीर झाली, हे नमूद केले पाहिजे. सर्व ६४० कंटेनरमध्ये काय होते याची पूर्ण यादी मात्र लोकांपुढे आली ती पुढे मागणी झाल्यानंतर.

आगीवर पाणी मारणे हा उपाय कार्बाइडच्या बाबतीत घातक ठरतो. ऑक्सिडायझरच्या बाबतीत नेमके उलटे असते. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ‘ग्राँकाँ’ या जहाजावर सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होते. आग लागल्यावर माल भिजून खराब होऊ नये म्हणून पाणी मारण्याऐवजी तळघराची झाकणे बंद करून आत वाफ सोडण्यात आली. हवा कोंडली की आग विझते हा हिशेब कापसाला, लाकडाला लागू पडतो. अमोनियम नायट्रेट स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे वाफेने फक्त उष्णता वाढली आणि जहाजाचा स्फोट झाला. सुमारे ५८० माणसे गेली, त्यांत गावाच्या अग्निशमन दलातील जवळजवळ सगळे जवान होते. आजच्या कंटेनर जहाजांच्या तळघरांत कार्बन डायऑक्साइड सोडण्याची व्यवस्था असते, तिलाही हीच मर्यादा आहे. आणि डेकवर आठ-आठ थर रचलेल्या कंटेनरच्या बाबतीत तर तिचा काहीच उपयोग नाही. जहाजावर माणसे असतात वीस-पंचवीस, माल असतो हजारो कंटेनर.

आपल्या राज्याला हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कराचीहून घेतलेल्या कापसाच्या हजारो गाठी, लाकूड आणि तेलही भरलेले होते. कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवू नयेत हे त्या वेळीही लोकांना माहीत होते. युद्धाच्या धामधुमीत ते बाजूला सारले गेले. दुपारी धूर दिसल्यापासून चार वाजून गेल्यावर झालेल्या पहिल्या स्फोटापर्यंत जवळजवळ दोन तास हाताशी होते, पण जहाजात नेमके काय आणि कोठे आहे याचे गांभीर्य योग्य माणसांपर्यंत योग्य वेळी पोचले नाही. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी मृत्युमुखी पडले. आजही देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि देशातील अग्निशमन अधिकारी घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे ते आपल्या नागपुरात.

ही गोष्ट तेथेच थांबत नाही. स्फोटके, पेट्रोलियम, दाबाखालील वायू यांच्यावर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. अमोनियम नायट्रेटसंबंधीचे २०१२ चे नियम ही संघटना राबवते, आणि ज्या कार्बाइडवरून केरळमध्ये एवढा गदारोळ झाला त्या पदार्थाच्या आयात, वाहतूक व साठवणुकीचे १९८७ चे नियमही तिच्याच अखत्यारीत येतात. पर्यावरणावरील परिणाम मोजणारी ‘नीरी’ येथे आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनी येथे आहे आणि रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण संस्था, जी आता विद्यापीठ झाली आहे, तीही येथेच आहे. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी आपल्याकडे म्हण आहे; येथे बंब, बंब चालवायला शिकवणारे आणि आगीचे नियम करणारे असे सगळेच एका गावात असताना, आगीची सुरुवात जेथे होऊ शकते त्या डेपोच्या फाटकात मात्र यांपैकी कोणी उभे नसते.

उष्णतेचा मुद्दा विदर्भाच्या दृष्टीने मला विशेष गंभीर वाटतो. जुलै २०१२ मध्ये अटलांटिक महासागरात ‘एमएससी फ्लामिनिया’ या जहाजावर स्फोट होऊन तीन खलाशी मरण पावले. कारण होते डायव्हिनिलबेंझीन हे रसायन. ते थंड ठेवावे लागते. तापले तर त्याचे रेणू एकमेकांना जुळत जातात, त्यातून आणखी उष्णता निघते आणि एका मर्यादेनंतर ती प्रक्रिया थांबवता येत नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयात या प्रकरणाची वर्षानुवर्षे सुनावणी झाली, तेव्हा हे पुढे आले की जहाजावर चढण्यापूर्वी त्या रसायनाच्या टाक्या न्यू ऑर्लिन्सच्या आवारात उन्हाळ्यात कित्येक दिवस उभ्या होत्या. स्फोट झाला भर समुद्रात, पण घड्याळ सुरू झाले होते जमिनीवर. ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, जेथे लोखंडी कंटेनरच्या अंगाला दुपारी हात लावता येत नाही, तेथे रसायनांचा कंटेनर गाडीची वाट पाहत उघड्या आवारात किती दिवस उभा होता याची नोंद कोठे होते का? माझ्या काळात होत नव्हती. सावलीसाठी वेगळी जागा असावी असे आम्ही काही जणांनी सुचवले होते, त्यावर मालगाडीच्या वेळापत्रकाचे कारण सांगण्यात आले आणि विषय संपला.

कोळशाचेही असेच आहे. वणी-चंद्रपूरकडच्या माणसाला कोळशाचा ढीग आपोआप धुमसतो हे सांगावे लागत नाही. तरीही लाकडी कोळसा आणि नारळाच्या करवंटीचा कोळसा कित्येक वर्षे ‘घातक नाही’ अशा प्रमाणपत्रांवर जहाजांत चढत राहिला आणि त्यातून अनेक जहाजांवर आगी लागल्या. संहितेत बदल होऊन १ जानेवारी २०२६ पासून ही पळवाट बंद करण्यात आली आहे. आता कोळसा घातक माल म्हणून जाहीर करावा लागतो. हे व्हायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर कोळसा विकणाऱ्यांनी आणि नेणाऱ्यांनी द्यावे.

आता गळका कंटेनर सापडला तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ जळालेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजावरील एका कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळत असल्याचे खलाशांच्या आधीच लक्षात आले होते. कतारच्या हमाद बंदरात तो उतरवून घ्यावा अशी विनंती झाली, नकार मिळाला. आपल्या हजिरा बंदरात पुन्हा विनंती झाली. तेथेही हाताळण्याची सोय नसल्याचे कारण देऊन नकार मिळाला. जहाज तसेच पुढे गेले, २० मे रोजी पेटले आणि २ जून रोजी बुडाले. शेकडो टन प्लास्टिकचे दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले, मेलेली कासवे वाहून आली, मासेमारी बंद पडली. २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक अब्ज डॉलरची भरपाई देण्याचा आदेश दिला. केरळ सरकारने एल्साच्या बुडण्याबद्दल ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला आहे. असे दावे ज्या आंतरराष्ट्रीय कराराने सोपे व्हायचे तो घातक मालाच्या भरपाईविषयीचा करार १९९६ मध्ये झाला, २०१० मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि तरीही पुढची कितीतरी वर्षे पुरेशा देशांनी मान्यता न दिल्यामुळे तो लागू होऊ शकला नाही. भरपाईच्या वाटेने जायचे तर ही अशी वाट आहे.

हजिराच्या नकारावर टीका करणे सोपे आहे. परंतु आपल्या परिसरातील एखाद्या डेपोत उद्या ॲसिडचा कंटेनर गळताना दिसला तर तो बाजूला घेण्यासाठी बंदिस्त जागा, सांडलेले द्रव अडवणारा बांध, अंगभर संरक्षक पोशाख आणि रात्रपाळीला उपलब्ध असलेला रसायनांचा जाणकार यांपैकी काय तयार आहे, हे नागपूरकरांना कोणी सांगितले आहे काय? मला भीती आहे ती ‘लवकर गाडीवर चढवा आणि पुढे पाठवा’ या वृत्तीची, कारण एकदा गाडी सुटली की प्रश्न आपला राहत नाही. बेरूतमध्ये २,७५० टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षांहून अधिक काळ गोदामात पडून राहिले आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी दोनशेहून अधिक लोकांचा बळी गेला, तेही प्रत्येकाने प्रश्न दुसऱ्याचा मानल्यामुळेच. त्याच आठवड्यात चेन्नईजवळच्या एका कंटेनर आवारात २०१५ पासून जप्त करून ठेवलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट एकाएकी सर्वांना आठवले आणि घाईघाईने हलवण्यात आले.

यावर व्यापाऱ्यांकडून येणारा आक्षेप मला पाठ आहे : प्रत्येक कंटेनर उघडत बसलात तर जहाज चुकेल, ऑर्डर जाईल, विदर्भाची निर्यात आधीच बंदरापासून लांब असल्यामुळे महाग आहे ती आणखी महाग होईल. आक्षेप खोटा नाही. एक जहाज चुकल्यामुळे लहान कारखानदाराचे पैसे महिनाभर अडकलेले मी पाहिले आहेत. म्हणूनच सरसकट तपासणीची मागणी मी करीत नाही. तांदूळ, सूत, फेरो-मँगनीज यांचे कंटेनर उघडून काही साधायचे नाही. परंतु सीमाशुल्काच्या वर्गीकरणात २८, २९ आणि ३८ या प्रकरणांखाली येणारा, म्हणजे रासायनिक माल असूनही ज्याच्यासाठी ‘घातक नाही’ असे लिहून दिलेले आहे, एवढाच माल वेगळा काढला तर रोजची संख्या आवाक्यात राहील. अशा कंटेनरचे सील लागण्यापूर्वी, म्हणजे माल भरला जात असतानाच, एका जाणकाराने सुरक्षा माहितीपत्रक हातात घेऊन ड्रम पाहावेत आणि शंका आली तर नमुना घ्यावा. नमुना बाहेरगावी पाठवून आठवडा घालवण्याचे कारण नाही. वर उल्लेख केलेल्या संस्थांच्या प्रयोगशाळा डेपोपासून तासाभराच्या अंतरात आहेत.

दंडाचाही विचार व्हावा. चुकीचे वर्णन पकडले गेले की आजवर बहुधा फाइल फिरते ती कागद तयार करणाऱ्या एजंटाभोवती. त्याचा परवाना अडकतो, त्याच्या कारकुनाची नोकरी जाते, आणि ज्याने लेबले खरवडली तो नवा एजंट गाठतो. एजंटाने डोळे मिटले असतील तर त्याला शिक्षा व्हावीच, परंतु मालाचा खरा धनी निर्यातदार आहे. त्याचा निर्यात संकेतांक काही काळ गोठवला गेला, तर दोन-चार उदाहरणांतच बुटीबोरीपासून कळमेश्वरपर्यंत सर्वांना नियम समजतील.

माझी तिसरी मागणी माहितीची आहे. रस्त्यावरच्या टँकरच्या अंगावर रसायनाचे नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आणि आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक असलेला फलक लावणे मोटार वाहन नियमांनी सक्तीचे केले आहे. अमरावती मार्गावर असे टँकर रोज दिसतात. डेपोतल्या घातक मालाचा मात्र शहराच्या अग्निशमन दलाला पत्ता नसतो. आज कोणत्या रांगेत कोणत्या वर्गाचा माल उभा आहे याचा तक्ता रोज संध्याकाळी अग्निशमन केंद्राकडे जावा, एवढे काम संगणकाच्या काळात अवघड नाही. जी यादी डेपोपाशी तयार असते तिची एक प्रत पाठवायची आहे, इतकेच. आणि जहाजाला अपघात झाला तर त्यावरील घातक मालाची संपूर्ण यादी काही तासांत जाहीर करणे मालक कंपनीवर बंधनकारक असावे, यासाठी महाराष्ट्राने नौवहन महासंचालनालयाकडे आग्रह धरावा. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली, कीटकनाशकांच्या कंटेनरसह शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि बंदर काही दिवस बंद राहिले. तेव्हा आमच्या कार्यालयातले फोन सतत वाजत होते, आणि कोणता कंटेनर पाण्यात आहे व कोणता डेकवर, हे पलीकडून कोणीही सांगू शकत नव्हते. पंधरा वर्षांनी केरळमध्ये लोक तेच विचारत होते.

या सगळ्यासाठी नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागत नाही. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती गट असणे अपेक्षित आहे आणि त्याची बैठक दर ४५ दिवसांनी व्हायची असते. या गटाचे लक्ष स्वाभाविकपणे कारखान्यांवर असते, आणि नागपूर जिल्ह्यात स्फोटकांच्या कारखान्यांत गेल्या काही वर्षांत जे बळी गेले ते पाहता ते असलेच पाहिजे. परंतु कंटेनर डेपोमधून जाणारा माल हाही त्याच विषयाचा भाग आहे. माननीय जिल्हाधिकाऱ्यांनी या गटाच्या येत्या बैठकीत डेपोचालक, सीमाशुल्क विभाग, रेल्वे, महानगरपालिकेचे अग्निशमन दल आणि ‘पेसो’चे अधिकारी यांना एकत्र बोलवावे, उन्हाळ्यापूर्वी रसायनांच्या कंटेनरसाठी सावलीची आणि गळतीसाठी बंदिस्त अशी जागा कोठे करायची ते ठरवावे, आणि त्या बैठकीचा वृत्तांत आपल्या वृत्तपत्राने मागवून घेऊन प्रसिद्ध करावा, अशी विनंती आहे.

आपला,
निर्यात-कागदपत्रांच्या व्यवसायातून निवृत्त झालेला एक वाचक,
नागपूर